अकरा सह्यांची पत्रिका

केडगाव स्टेशनाबाहेर, सायकलच्या दुकानाशेजारी, भिमाजी पेंटरांची छोटी खोली होती. ट्रॉल्यांवरची नावं, दुकानांच्या पाट्या, शाळेच्या भिंतीवरची अक्षरं, सगळं काम तिथूनच चालायचं. दोन हजार साली त्यांच्या थोरल्या लेकीनं, करुणानं, त्याच खोलीत एक वापरलेला कॉम्प्युटर आणून मांडला. पुण्याला गाडीनं जाऊन-येऊन तिनं सहा महिन्यांचा डीटीपीचा कोर्स केला होता. भिमाजींनी ब्रशांचे डबे कोपऱ्यात सरकवले, तिच्या टेबलाला निळा रंग दिला आणि दारावर 'करुणा डीटीपी' असं झोकात लिहून टाकलं.

पहिली अडचण आली ती सॉफ्टवेअरची. पेजमेकर आणि कोरल ड्रॉ दोन्ही तिच्याकडं होती, पण एकदम उघडली की मशीन गप्पच बसायचं. त्यामुळं कामाला हात घालण्याआधीच ठरवावं लागे, हे काम कशात करायचं. जयंतीचं हँडबिल आलं, तेव्हा तिनं ते दोन्हींत करून पाहिलं. कोरलमध्ये मथळ्याला कमान देता आली, कडेनं पिंपळपानं काढता आली. पेजमेकरमध्ये कार्यक्रमाचा लांबलचक मजकूर कसा शिस्तीत बसला. दोन्ही कागद भिंतीला लावून ती येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारू लागली. सगळ्यांनी कमानीचा पसंत केला. भिमाजी तेवढे दोन्हींपुढं बराच वेळ उभे राहिले.

"ह्यो बघायला चांगला हाय," ते म्हणाले, "आन् ह्यो वाचायला. तुला लोकांनी काय करावं वाटतंय, ते आधी ठरीव."

करुणाला ते पटलं. पत्रिका आणि लेबलं कोरलमध्ये, अहवाल आणि पुस्तिका पेजमेकरमध्ये, अशी वाटणी तिनं करून टाकली.

सॉफ्टवेअर वळणावर आलं, पण गिऱ्हाईक काही वळणावर येईना. प्रूफ हातात दिलं की माणसं वरवर नजर टाकत आणि म्हणत, "झ्याक झालंय, टाका छापायला." दौंडच्या प्रेसमधून कार्डं छापून आली की मग चुका दिसत. एका पत्रिकेत सोमवारचा रविवार झाला आणि बोलणी करुणाला खावी लागली. त्या दिवसापासून तिनं नियम केला, प्रूफवर सही झाल्याशिवाय काम प्रेसला जाणार नाही.

दुसऱ्या वर्षी भांडगावचे हौशीराम आप्पा मुलाच्या लग्नाच्या पत्रिकेचं काम घेऊन आले. मुलाचं नाव ईश्वर. घरात पहिलंच लग्न, त्यामुळं आप्पांनी अख्खी भावकी आणि मामा मंडळी जीपमध्ये भरून आणली होती. सोबत त्यांची आई धुरपदाबाईही आली होती. खोलीत जागा नव्हती म्हणून ती उंबऱ्यावर टेकली.

पहिलं प्रूफ निघालं. म्हस्कू मामांचं म्हणणं पडलं, त्यांचं नाव धाकट्या भावाच्या खाली आलंय. करुणानं ते वर घेतलं. मग धाकट्याचा चेहरा उतरला. तिनं दोघांना एका ओळीत बसवलं. कुणाला नावापुढं 'माजी सरपंच' पाहिजे होतं, कुणाला सगळ्या पुतण्यांची नावं. चार प्रूफं झाली. प्रत्येक वेळी माणसं कागदावर वाकत, आपलं नाव शोधत आणि सापडलं की समाधानानं मागं सरकत. पाचव्या कागदावर अकराच्या अकरा जणांनी सह्या केल्या. आप्पा म्हणाले, "आता कुणाची तक्रार न्हाई. दे पोरी प्रेसला."

करुणा कागद पाकिटात घालणार, तेवढ्यात उंबऱ्यावरून आवाज आला.

"बाय, मला वाचाया येत न्हाई. काय लिव्हलंय ते एकदा ऐकीव की."

करुणानं वाचायला घेतलं. देवाचं नाव, नवरा-नवरी, तिथी, वार, वेळ, मग काका, मामा, आत्या, पुतणे. म्हातारी डोळे मिटून ऐकत होती. करुणा शेवटच्या नावापाशी थांबली.

"झालं?" म्हातारीनं विचारलं.

"झालं, आजी."

"समदी पावणी सांगितली. पर लगीन लागायचं कुठं?"

आप्पांनी कागद उलटा करून पाहिला. करुणाच्या तेव्हा ध्यानात आलं. कोरलमध्ये मजकूर एका चौकटीत बसवलेला असतो, आणि नावं वाढत गेली तशी खालची ओळ चौकटीबाहेर ढकलली जाऊन दिसेनाशी झाली होती. त्या ओळीत कार्यालयाचं नाव आणि गाव होतं. नावं वर-खाली करण्याच्या नादात तिचंही तिकडं लक्ष गेलं नव्हतं, आणि सह्या करणारे अकरा जण आपापल्या नावाच्या पुढं गेलेच नव्हते.

पहिल्यांदा म्हस्कू मामांना हसू फुटलं, मग सगळी खोली हसायला लागली. करुणाही हसली, पण तिचे कान तापले होते. तिनं चौकट मोठी केली, ओळ परत आणली आणि पुन्हा पहिल्यापासून वाचून दाखवलं. मग तिनं विचारलं, "आजी, तुमचं नाव कुठं घालू?"

"मला काय करायचंय," म्हातारी म्हणाली. पण आप्पांनी ऐकलं नाही. सगळ्या काका-मामांच्या वर 'श्रीमती धुरपदाबाई' अशी ओळ आली, आणि त्यावर भावकीत कुणी चकार शब्द काढला नाही. बाराव्या जागी म्हातारीचा अंगठा घेतला.

ही गोष्ट लग्नात सांगून-सांगून पसरली. पुढं प्रूफ मोठ्यानं वाचून दाखवायचं, आणि ऐकायला ज्याचं नाव त्यात नाही असं एक माणूस बसवायचं, ही करुणाची पद्धतच पडून गेली. शिरूरकडची गिऱ्हाइकंही येऊ लागली. दोन हजार पाच साली कारेगावातल्या एका कारखान्यानं मशिनींवर लावायच्या सूचनांचं काम तिला दिलं, मराठीत आणि हिंदीत. साहेबांनी सही करून कागद परत दिला, तशी करुणा म्हणाली, "सर, एकदा मशीनवरच्या माणसाला दाखवते." बिहारकडचा एक कामगार सूचना वाचून म्हणाला, "दीदी, यह बटन तो हमारी मशीन में है ही नहीं."

साहेबांनी कागद पुन्हा मागून घेतला, आणि चहा मागवून करुणाला बसायला खुर्ची दिली.