दूध नसलेल्या आइस्क्रीमची नोटीस

नोटिशीतल्या एका ओळीखाली लाल शाईची रेघ होती. ‘तपासणीअंती नमुन्यात दुधाची स्निग्धता आढळून आली नाही.’ ती ओळ मी दोनदा वाचली. माझ्या टेबलासमोर यूसुफचाचा उभे होते. नांदुऱ्यात स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्यांचे लहानसे दुकान आहे. फळांच्या रसाचे गोठवलेले शरबत ते विकतात. धंदा वडिलांपासूनचा.

“बसा, चाचा.”

“बसून काय करू, भाऊ? शटर पाडून आलो. सायेब म्हणे, सुनावणी होईस्तोवर एक वाटी बी विकायची नाही. उन्हायाचे तीन महिने तं माह्ये. तेच गेले तं सालभर काय खाऊ?”

“आणि गुन्हा कोणता?”

“आइस्क्रीममंधी दूध नाही म्हंते. आता मले सांगा, माह्या मालात दूध असते कुठी? बापानं नाही टाकलं, म्या नाही टाकलं.”

माझे पित्त खवळले. मी तहसील कचेरीसमोर अर्ज लिहितो. या कामाचा मला बावीस वर्षांचा अनुभव आहे. माझे शिक्षण नववीपर्यंत झाले. तथापि ज्यांची पदवी घराच्या भिंतीवर लटकते असे अनेक गृहस्थ आपला मसुदा माझ्याकडून तपासून नेतात. मी लिहिलेल्या प्रत्येक अर्जाच्या तळाशी ‘लिहिणार’ या शब्दापुढे माझी सही आणि शिक्का असतो. कित्येक लिहिणारे तो टाळतात. मी टाळत नाही. माझा अर्ज त्रुटीसाठी परत आला, असे आजवर घडले नव्हते.

वाचकांसाठी एक गोष्ट स्पष्ट करतो. नोटीस म्हणजे शिक्षा नव्हे. सरकार तुम्हाला विचारते, तुमचे म्हणणे काय आहे? त्याचे जे लेखी उत्तर द्यायचे, त्यास खुलासा म्हणतात. खुलासा पटला तर प्रकरण मिटते. न पटला तर नोंदणी रद्द होते, आणि नोंदणी गेली की खाण्याचा पदार्थ विकता येत नाही. चाचांचे दुकान त्या एका कागदावर उभे होते.

“चिंता सोडा,” मी म्हणालो. “असा खुलासा लिहितो की अन्न खात्याने पुन्हा तुमच्या रस्त्याला येऊ नये.”

“लिहा, भाऊ. पण थोडं नरमीनं.”

नरमीने लिहिण्याची माझी बिलकुल इच्छा नव्हती. त्याला कारण होते.

मागच्याच महिन्यात मी खामगावला एका लग्नास गेलो होतो. सभागृह वातानुकूलित. जेवणाच्या मध्येच वाढप्याने माझ्यापुढे काचेची एवढीशी वाटी ठेवली. तीत संत्र्याच्या रंगाचा एक गोळा आणि त्यावर पुदिन्याचे पान. मी विचारले, हे काय? तो म्हणाला, “सॉर्बे आहे, सर. पुढच्या पदार्थाआधी तोंड साफ करायला देतात.” मी चमचा तोंडात घातला. ते चाचांचे संत्र्याचे शरबत होते! चव तीच, गारवा तोच. चाचांचे किंचित अधिक मऊ असते, इतकाच फरक. त्या सभागृहात कोणी नमुना घेतला नाही. दूध कुठे आहे म्हणून कोणी लाल रेघ ओढली नाही. तिथे दूध नसणे ही ऐट होती. नांदुऱ्याच्या रस्त्यावर तोच गुन्हा ठरला.

दुसऱ्या दिवशी मी चाचांच्या घरी गेलो. माल कसा तयार होतो ते डोळ्यांनी पाहिल्याशिवाय खुलाशास धार येत नाही. अंगणात त्यांचा सांचा होता. लाकडी बादली, तिच्यात पत्र्याचा उभा डबा, आणि डबा फिरवण्यासाठी वर दांडा. डब्यात कवठाचा गर, साखर आणि पाणी. डबा आणि बादली यांच्या मधल्या जागेत फोडलेला बर्फ आणि खडे मीठ.

“मीठ कशाला?”

“नुसता बर्फ रस गार करते, जमवत नाही. मीठ पडलं की बर्फाची थंडी वाढते. मंग रस जमते.”

“आणि हे सारखे फिरवायचे?”

“हाव. हात थांबला की त्याची वीट होते. खाणाऱ्याचा दात पाडता काय?”

शास्त्र एवढेच आहे. फिरवल्याने बर्फाचे कण बारीक राहतात. साखरेमुळे रस दगडासारखा गोठत नाही. म्हणून तो चमच्याने निघतो. किसलेल्या बर्फावर रंगीत पाक ओतला की गोळा होतो. साच्यात काडी रोवून गोठवले की कांडी होते. हे दोन्ही नव्हे. आइस्क्रीम तर नव्हेच. आइस्क्रीम म्हणवून घ्यायचे तर नियमाप्रमाणे त्यात दुधाची स्निग्धता ठराविक प्रमाणात असावी लागते. दुधाच्या जागी वनस्पती तेल वापरले तर डब्यावर ‘फ्रोझन डेझर्ट’ छापावे लागते. चाचांच्या मालात दूधही नाही, तेलही नाही. फळ, साखर, पाणी. याच वस्तूला खामगावच्या सभागृहात सॉर्बे म्हणतात.

दोन दिवस मी वाचनालयात बसलो. जे सापडले त्याने माझा संताप दुप्पट झाला. सॉर्बे हा शब्द गोऱ्या साहेबाच्या घरचा नाहीच. अरबीत पिणे या अर्थाचा एक धातू आहे. त्यापासून शरबत झाले. ते फारसीत आले, तुर्कीत गेले. तुर्कांकडून इटलीच्या लोकांनी उचलले आणि ‘सॉर्बेत्तो’ केले. फ्रेंचांनी त्याचे ‘सॉर्बे’ केले. इराणात, तुर्कस्थानात डोंगरावरचा बर्फ खड्ड्यांत साठवून उन्हाळ्यात शरबतात घालीत. आपल्याकडे बादशहांसाठी हिमालयाकडून बर्फ येई आणि सोऱ्याच्या, म्हणजे बंदुकीच्या दारूतल्या क्षाराच्या, पाण्यात सुरई फिरवून पाणी गार करीत. पुढे बर्फात मीठ किंवा सोरा मिसळून रसच गोठवण्याची कृती इटलीत रूढ झाली. म्हणजे पेय पूर्वेकडून गेले, तिकडे गोठले आणि काचेच्या वाटीत बसून परत आले. चाचांच्या दुकानात मात्र ते जुन्याच नावाने नांदत होते.

हे सर्व मी खुलाशात घातले. तीन पाने भरली. ‘ज्या पदार्थात मुळातच दूध अभिप्रेत नाही, त्यात दूध आढळले नाही, हा दोष नसून शुद्धतेचा पुरावा होय,’ हे वाक्य मी स्वतःच चार वेळा वाचले. खामगावच्या सभागृहाचाही नाव न घेता उल्लेख केला. तळाशी ‘लिहिणार’, सही, शिक्का.

सुनावणी बुलढाण्यास होती. मोताळ्यावरून जाणारी सकाळची एसटी धरली. चाचांनी मोठा थर्मास आणला होता.

“हे कशाला?”

“संत्र्याचं शरबत हाय. सुनावणीवाल्या मॅडमनं चाखलं तं समजन ना.”

राजूर घाटात कंडक्टरने थर्मासकडे बोट दाखवले. “चहा हाय का, चाचा?”

“नाही बे, मुकदमा हाय,” चाचा म्हणाले. गाडीतली मंडळी हसली. मी हसलो नाही. मी मनात तिसरे पान पाठ करीत होतो.

सुनावणी घेणाऱ्या अधिकारी मॅडम चाळिशीच्या, पुण्याकडच्या. चाचांनी थर्मास टेबलावर ठेवताच त्यांनी तो हलक्या हाताने बाजूला सरकवला.

“काका, पक्षकाराकडचं काही खाता येत नाही मला. राग मानू नका.”

त्यांनी माझी तीनही पाने वाचली. सावकाश, एकही ओळ न गाळता. त्या वाचत असताना मी त्यांचा चेहरा पाहत होतो. इटलीजवळ त्या किंचित हसल्या.

“तुम्ही लिहिलंत?”

“होय. शब्दन् शब्द.”

“बरोबर आहे. हे आइस्क्रीम नाही. हे सॉर्बेच आहे. त्यात दूध नसणारच.”

“मग आमच्यावर कारवाई कशासाठी?” मी आवाज चढवला. “गरिबाच्या दुकानाला शटर आणि श्रीमंताच्या सभागृहाला सूट! हा कोणता न्याय? निरीक्षकांना पदार्थ ओळखता येत नसेल तर त्यांनी नमुने घेऊ नयेत!”

“निरीक्षकांनी ओळखायचा प्रश्नच नव्हता,” त्या म्हणाल्या. “त्यांनी कागद पाहिला.”

त्यांनी फाईल उघडून माझ्याकडे फिरवली. चाचांच्या नोंदणीचा मूळ अर्ज होता. पदार्थाचे नाव : आइस्क्रीम. पदार्थाचा वर्ग : दूध व दुग्धजन्य पदार्थ. तळाशी चाचांची सही. तिच्या खाली ‘लिहिणार’. त्यापुढे माझी सही. आणि माझा शिक्का, ठळक, जांभळा, सरळ रेषेत.

इथे माझ्या कामाची एक पद्धत सांगणे भाग आहे. आम्ही लिहिणारे प्रत्येक प्रकारच्या अर्जाचा एक नमुना जवळ ठेवतो. थंड पदार्थांसाठी माझ्याकडे एकच नमुना होता, एका कुल्फीवाल्याचा; त्यात कुल्फीला आइस्क्रीम म्हटले होते. गिऱ्हाईक आले की नाव आणि पत्ता बदलायचा. बाकीचे रकाने उतरवून घ्यायचे. त्याने वेळ वाचतो. बावीस वर्षे वाचला.

“हा अर्ज आम्ही असा वाचतो,” मॅडम म्हणाल्या. “काकांनी आइस्क्रीम विकतो असं जाहीर केलं आणि विकलं दुसरंच. जाहीर केलेलं खोटं असेल तर नोंदणी रद्द होते. मला तेवढंच सांगा, हे असं कसं लिहिलं गेलं?”

मी बोलण्यापूर्वीच चाचा उभे राहिले.

“मॅडम, चूक माही हाय. म्याच आइस्क्रीम सांगितलं असन. भाऊनं म्या सांगितलं तसं लिवलं. त्यांचा काई दोष नाही.”

मला तो दिवस लख्ख आठवला. चाचा माझ्या टेबलाशी वाकून म्हणाले होते, “भाऊ, दूध-बिध नसते बरं यात.” मी मान वर न करता उत्तर दिले होते, “चाचा, तुम्ही तुमचा सांचा फिरवा. लेखणी मला चालवू द्या.”

त्यांनाही ते आठवत होते. न आठवण्यासारखे ते बोलणे नव्हते. तरी ते माझी बाजू सावरून उभे होते, आणि त्यापायी त्यांचे दुकान जाणार होते. मॅडमनी पेन उचलले. संताप यावा असे समोर एकच माणूस उरला होता, आणि तो मी होतो.

“थांबा,” मी म्हणालो. “यांनी सांगितले होते. दूध नसते, असे स्पष्ट सांगितले होते. मी ऐकले नाही.”

“भाऊ, राहू द्या ना,” चाचा हळूच म्हणाले.

“तुम्ही बसा, चाचा.”

“हे लेखी द्याल?” मॅडमनी विचारले. “नीट विचार करा. ते फाईलमध्ये राहील. तुमच्या नावानं.”

मी कोरा कागद मागितला. बावीस वर्षांत प्रथमच मी स्वतःच्या चुकीविषयी लिहिले. ‘अर्जदाराने पदार्थात दूध नसल्याचे मला तोंडी सांगितले होते. मी ते विचारात न घेता जुन्या नमुन्यावरून पदार्थाचे नाव व वर्ग चुकीचा नोंदविला. अर्जदाराचा यात हेतू नाही व दोष नाही. चूक लिहिणाराची आहे.’ चार वाक्ये. पाचवे सुचले होते, निरीक्षकांविषयी. ते मी लिहिले नाही. खाली सही केली. शिक्का पिशवीत होता. तो काढला आणि तोही मारला.

मॅडमनी कागद वाचून फाईलला लावला. चाचांना लेखी समज मिळाली. दुरुस्तीचा अर्ज तिथेच भरून घेतला गेला. पदार्थ : फळांचे गोठवलेले शरबत. दूध : नाही. दुसऱ्या दिवसापासून विक्रीस परवानगी झाली. माझी तीन पाने मॅडमनी मला परत दिली.

“ही फाईलला लागणार नाहीत. पण माहिती छान आहे,” त्या म्हणाल्या.

स्टँडवर गाडीला वेळ होता. चाचांनी थर्मास उघडला. आतला माल पार वितळला होता. त्यांनी झाकणात ओतून मला दिला.

“घ्या. आता नुसतं शरबत राह्यलं.”

आम्ही दोघे आळीपाळीने ते प्यायलो. चव तीच होती.

“भाऊ, एक इचारू? राग नका मानू.”

“विचारा.”

“चार ओयीत काम झालं. मंग ते तीन पानं काऊन लिवले व्हते?”

मी झाकण पुसून त्यांना परत दिले. त्या तीन पानांत एकही वाक्य खोटे नाही, हे मी आजही कोणापुढेही सिद्ध करीन. खामगावच्या त्या सभागृहाविषयीचे माझे मतही बदललेले नाही.

कुल्फीवाल्याचा नमुना मी त्याच संध्याकाळी फाडला. आता कोणी खाण्याच्या वस्तूचा अर्ज लिहायला आले की मी पेनाचे टोपण काढत नाही. आधी विचारतो, यात काय काय पडते? गिऱ्हाईक सांगते. मी शेवटपर्यंत ऐकतो. वेळ लागतो. रांगेतले लोक कुरकुरतात.

कुरकुरू द्यावे.