स्ट्रिक्ट ऊन

मे महिन्यात वर्ध्याहून हिंगणीला जाणाऱ्या एसटीत शेजारच्या मावशींनी मला विचारलं, "भाऊ, कडक ऊन इंग्रजीत कसं म्हन्तेत?" माझ्या चष्म्यामुळे लोकांचा असा गैरसमज होतो.

बंगलोरची त्यांची नात फोनवर 'हाय आजी' म्हणायची आणि लगेच फोन आईकडे द्यायची. "तिले मराठी येत नाई. आज मले तिच्याशी इंग्रजीतच बोलाचं हाय."

मी ऐटीत 'स्कॉर्चिंग हीट' शिकवलं. मावशी पदराने घाम पुसत ते घोकू लागल्या. पुढच्या सीटवरून माझी बायको म्हणाली, "सोपं काही येत नाही का तुम्हाला?"

फोन लागला आणि मावशी गडबडल्या. "टुडे सन व्हेरी स्ट्रिक्ट." कडक मास्तर स्ट्रिक्ट असतो, मग कडक ऊनही स्ट्रिक्टच. फोनच्या स्पीकरवर नात खुदकन हसली आणि तिने इंग्रजीत काहीतरी विचारलं.

"काय म्हन्ते, भाऊ?"

"सूर्य छडी मारतो का, विचारतेय."

"यस, यस," मावशी फोनवर म्हणाल्या, "डेली."

सेलू आलं तरी दोघी बोलतच होत्या. मग नातीने विचारलं, सूर्याला हॉलिडे कधी असतो? मी मराठीत सांगायला तोंड उघडलं, तोवर मावशी तिला म्हणाल्यासुद्धा, "नाइट."