काझी सरांचा ढाळ

"नहानी कोण होता?"

तोंडी परीक्षेत काझी सरांनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न. मोरीतल्या जाळीखाली एक भांडं बसवलेलं असतं. ते पाणी खाली जाऊ देतं आणि गटाराचा वास वर येऊ देत नाही. आमच्या इंग्रजी पुस्तकात त्याला 'नहानी ट्रॅप' म्हणत. मी छातीठोकपणे सांगितलं, "सर, इटालियन शास्त्रज्ञ."

सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "कोणत्या गावचा?"

"रोम." थाप मारलीच होती, तर शहर तरी मोठं निवडावं.

"अरे बाबा, न्हाणी रे, न्हाणी! घरी जाऊन आईला इचार. रोज तुझ्या शास्त्रज्ञाच्या डोक्यावर बसून अंघोळ करती ती." त्यांनी मला पास केलं, पण पुढं दोन वर्षं भर वर्गात 'रोमवाले' अशीच हाक मारली.

आमची शाखा आर्किटेक्चरल इंजिनिअरिंग. आर्किटेक्ट आम्हाला गवंडी समजत, सिव्हिलवाले चित्रकार समजत आणि मुलींचे वडील काहीच समजत नसत. शेवटच्या वर्षाला सगळे सरांच्या गारखेड्यातल्या घरी जाऊन विचारायचे, पुढं काय करावं? सर बोटांवर मोजून सांगत. "पुण्याला जा, दुसऱ्याच्या इमारतीच्या खिडक्या कंप्युटरवर काढ. नाय तर सरकारी परीक्षा दे, मग खिडक्या पण काढायला नकोत. नाय तर साइटवर जा, दिवसभर शिव्या खा. ते काम कधी बंद पडत नाय."

"आणि तुम्ही, सर?"

"तिन्ही जमलं नाय म्हणून मास्तर." सर हसायचे, मग आम्हीही हसायचो.

वास्तुशांतीला गेले की सर दारातच यजमानांना विचारायचे, "न्हाणी कुठाय?" लोकांना वाटायचं, मधुमेह असेल. सर आत जाऊन तांब्याभर पाणी फरशीवर ओतत आणि उकिडवे बसून ते कुठं जातं ते बघत. पाणी जाळीकडे गेलं तर बाहेर येऊन दोनदा शिरा मागून घेत. दाराकडे आलं तर उपाशी घरी जात. दौलताबादला माझ्या मामाच्या घरून ते असेच उपाशी गेले. मामा अजून माझ्याशी धड बोलत नाही.

मी साइट निवडली. बीड बायपासला पहिली इमारत. लोकांना किल्ल्या द्यायला चार दिवस उरले असताना, निव्वळ सरांची नक्कल म्हणून, मी एका न्हाणीत पाणी ओतलं. ते ऐटीत दाराकडे निघालं. शेजारच्या घरात तेच, वरच्या मजल्यावर तेच. सगळ्या इमारतीत न्हाण्यांचा ढाळ, म्हणजे फरशीचा उतार, उलटा.

बिल्डर म्हणाला, "त्यात काय? लोक वायपर घेतील. काम नीट झाल्याच्या कागदावर तू सही कर, नाय तर दुसरं काम बघ."

माझ्या लग्नाची बोलणी चालू होती, आणि नोकरी आहे या एकाच गुणावर चालू होती. संध्याकाळी मी सरांकडे गेलो. खरं तर मला त्यांच्या तोंडून 'कर सही' एवढंच ऐकायचं होतं.

सरांनी त्या दिवशी टिंगल केली नाही. "मी मास्तर का झालो, म्हाईत हाय? पैठणला पहिली नोकरी. असाच उलटा ढाळ. मी गप बसलो. लोक राहायला आले आन् दुसऱ्याच महिन्यात एक म्हातारी घसरली, खुबा मोडला. भेटायला गेलो, तर पडल्या पडल्या सुनेला म्हणती, 'इंजिनेर सायब आलेत, च्या टाक गं.' तो चहा मी पिलो. तिला कुठं ठाऊक होतं, कुणामुळं पडली ते! शिवी दिली असती तर सुटलो असतो रे."

"मग मी काय करू, सर?"

"ते मी नाय सांगणार. मला तो हक नाय."

घरी जाईपर्यंत मी त्यांना मनातल्या मनात वाट्टेल ते बोललो. सरळ सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं!

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मिस्त्रीची छन्नी-हातोडी मागून घेतली आणि एकेका न्हाणीत जाऊन फरशी फोडत सुटलो. आपलं घर बघायला आलेल्या एका बाईंनी विचारलं, काय चाललंय? मी सांगून टाकलं. दुपारपर्यंत ते घरं घेणाऱ्या सगळ्यांना कळलं आणि बिल्डरला ढाळ नव्यानं करावाच लागला. माझी नोकरी त्याच दुपारी गेली, लग्नाची बोलणी आठवड्याभरात.

"मुबारक हो!" सर म्हणाले. "बेरोजगारी ही पण आपल्या शाखेतली एक वाट हाय." आज मी इमारतींच्या सांडपाण्याचे नकाशे करतो. लग्नही झालं, पण घरी कुणी कामाचं विचारलं की बायको विषय बदलते.

सर गेले त्याच्या आदल्या आठवड्यात आम्ही काही जुने विद्यार्थी त्यांना भेटायला गेलो. आवाज पार खोल गेला होता. उशाशी बसलेल्या आपल्या मुलीला ते एकेकाची ओळख करून देऊ लागले. "हा मंत्रालयात. हा दुबईला, लई उंच टॉवर बांधतो." माझी पाळी येऊ लागली तसा मी मागे सरकलो. सांगण्यासारखं काही नव्हतंच आणि मला खरोखर लाज वाटत होती.

सरांनी मला शोधून काढलं. "आन् ह्यानं फरशी फोडली."

पैठणच्या म्हातारीची गोष्ट त्या मुलीला ठाऊक असावी. ती उठली आणि सरांच्या उशाजवळची आपली खुर्ची तिनं मला दिली.