म्हातारीला कंडम करायचा दिवस

शेजारचे मिस्त्री सरकारी यार्डात बुलडोझर दुरुस्त करतात. पण त्यांची बायको ते असं सरळ सांगेल तर शपथ! कुणी नवा भाडेकरू भेटला की ती पदर सावरत म्हणते, "यांचं दुसरं घर आहे ना तिकडे." समोरच्याचे कान टवकारले की मग सावकाश पुढे, "पिवळी आहे, जाडी आहे, डिझेल पिते, आणि हे गेल्याशिवाय उठत नाही मेली."

ही सवत म्हणजे खात्याचा सगळ्यांत जुना डोझर. यार्डात तिचं नाव म्हातारी. एक दिवस उभी राहिली की तिच्या डिझेलच्या नळीत हवा धरते. मग पंपावरचा नट सैल करायचा, हातपंप दाबत राहायचं, आणि बुडबुडे संपून नुसतं डिझेल आलं की लगेच नट आवळायचा. हे काम फक्त मिस्त्रींच्या हाताला जमतं, अशी यार्डाची समजूत. त्यामुळे रजा मिस्त्रींची आणि फोन म्हातारीसाठी, हे ठरलेलं. मुलीनं लांबच्या गावी घर घेतलं, तेव्हापासून "दोघं मिळून या" म्हणून ती घसा कोरडा करतेय. बॅग माळ्यावरून खाली येते, फोन वाजतो, बॅग परत माळ्यावर.

म्हणून म्हातारीला कंडम ठरवायला साहेब लोक येणार, ही बातमी कळली तेव्हा वहिनींचा चेहरा काय फुलला होता! जुनी निकालात निघाली की नवी मशीन मिळणार होती. नवी म्हणजे बटण दाबलं की सुरू. मिस्त्री मोकळे.

फोरमननी आधीच बजावलं. "मिस्त्री, तुम्ही काही करायचं नाही. बिघडवायचं नाही आणि दुरुस्तही करायचं नाही. ती आपणहून बंदच आहे."

"एवढंच ना? जमेल."

"तुम्हाला? हात खिशात ठेवा म्हणजे झालं."

तपासणीच्या सकाळी वहिनींनी खोल खिशांची पँट इस्त्री करून हातात दिली. "आज हात बाहेर काढलेत तर मी आहे आणि तुम्ही आहात."

साहेब आले, बूट चिखलापासून जपत उभे राहिले. ऑपरेटरनं सेल्फ मारला. खर्र, खर्र, खर्र. काही नाही. साहेबांनी पेनाचं टोपण काढलं आणि म्हणाले, "अजून एकदा मारा." या वेळी म्हातारीनं धुराचा एक भपकारा सोडला, अंग हलवलं आणि पुन्हा गप्प.

"मेलेलीच दिसतेय," साहेब म्हणाले.

इथे घात झाला. सासूबाईंनी त्यांना नालायक म्हटलं तेव्हा मिस्त्री हसले होते, हे आख्ख्या गल्लीनं ऐकलंय. पण हे काही त्यांना सोसेना.

"मेलेली कुठे साहेब? हवा धरलीय तिनं."

फोरमन खोकले.

"म्हणजे चालते?"

फोरमन इतके खोकले की शिपाई पाणी घेऊन धावला. तोवर मिस्त्री पाना घेऊन म्हातारीच्या लोखंडी पट्ट्यावर चढून नट सैल करायला लागलेसुद्धा! पुढच्या सेल्फला म्हातारी अशी गरजली की साहेब दोन पावलं मागे सरले. मग खूश होऊन म्हणाले, "वा, काय ठेवलीय! हिला कसली कंडम करताय?" आणि नवी मशीन गेली दुसऱ्या विभागाला.

घरी वहिनींनी कोपरापर्यंत काळे झालेले हात बघितले, तेवढं पुरलं.

"पहिल्या सेल्फला उठली," मिस्त्री हळूच म्हणाले. लाज वाटत होती, पण मिशीतलं हसू काही लपेना.

"हो? मग तिच्याच हातचं जेवा आता."

रविवारी त्या बॅग उचलून एकट्याच बसमध्ये बसल्या. ती बस अर्ध्या वाटेत थांबली. डोंगराची माती रस्त्यावर आली होती आणि मातीसमोर म्हातारी, ढिम्म! तिच्या पट्ट्यावर पाना घेऊन कोण? फोन बायकोची पाठ फिरल्याबरोबर आला होता, त्याला ते तरी काय करणार! यार्डाच्या जीपनं त्यांना बसच्या आधी आणून सोडलं होतं. वहिनी खाली उतरल्या.

"अहो, सरकवा तिला. मला लेकीकडे जायचंय."

"पाचच मिनिटं. या ऑपरेटरला जमत नाही ना."

"जमत नाही कसलं, वहिनी!" ऑपरेटर कळवळून म्हणाला. "मी नट धरला की मिस्त्री पाना हिसकावून घेतात. एकदा तरी करू दिलंय का?"

वहिनींनी नवऱ्याकडे बघितलं. मिस्त्रींनी डोंगराकडे बघितलं.

"द्या तो पाना त्याला," वहिनी म्हणाल्या, "आणि चला बसमध्ये."

"असा? या कपड्यांत?"

"जावयाचे घाला तिथे."

फोरमन शेजारीच उभे होते. ते घाईघाईनं म्हणाले, "न्या वहिनी, न्याच. आठ दिवस परत पाठवू नका."

मिस्त्री खिडकीशी बसले खरे, पण कमरेपर्यंत बाहेर. "अरे, घाई करू नको! बुडबुडे बघ! अजून नाही... अजून नाही..." ऑपरेटरचं दोनदा चुकलं, दोन्ही वेळा मिस्त्री दाराकडे धावले आणि दोन्ही वेळा वहिनींनी सदरा धरून त्यांना खाली बसवलं. मग म्हातारी धडधडली. आख्ख्या बसनं टाळ्या वाजवल्या. तिनं माती लोटून वाट केली आणि बस तिच्या अंगाला घासत पुढे निघाली.

मिस्त्री बराच वेळ तोंड पाडून बसले होते.

"काय झालं आता? उठली ना ती?"

"उठली गं," मिस्त्री म्हणाले, "पण माझ्याकडे नीट बघितलंसुद्धा नाही तिनं."