विल्फच्या धुराड्याचा धूर

टॅलोराला वर कडा, खाली दरी आणि बाहेर पडायला एकच रस्ता. आधी इथं सोनं शोधणारे आले. सोनं संपलं तसे पांगले. मग उन्हाळ्यात गुरं घेऊन गुराखी यायचे, तेही सरकारनं बंद केलं. शेवटी शहरातली माणसं बर्फावर घसरायला येऊ लागली आणि गावाला म्हणे बरे दिवस आले. कसले बरे दिवस! हिवाळ्यात पाय ठेवायला जागा नाही आणि उन्हाळ्यात कुत्रं फिरकत नाही.

विल्फ गॅरवे इथंच जन्मला आणि इथंच त्याचे गुडघे गेले. लिफ्टच्या खुर्चीत लोकांना बसवून डोंगरावर पाठवायचं, एवढंच काम त्यानं जन्मभर केलं. माणूस कष्टाळू, पण जिभेला हाड नाही. बायको गेल्यावर घरात बाप-लेक दोघंच उरले. लेक रॉडी मेलबर्नला नोकरीला निघाला, तेव्हा विल्फ दारातून ओरडला होता, जातोस तर परत तोंड दाखवू नकोस. पोरगंही बापाचंच. गेलं ते गेलंच.

त्यानंतर दर हिवाळ्यात विल्फ खुर्चीत बसणाऱ्या प्रत्येकाचं तोंड निरखून बघायचा. गुडघ्यांनी घरी बसवल्यावर खिडकीतून बघायचा. पोरगा एकदा दारात आला की चुकलो म्हणायचं, एवढंच त्याला हवं होतं. पण मुलाच्या पत्त्यावर दोन ओळी टाकायच्या तर पत्ता कुणाकडे होता?

गेल्या हिवाळ्यात गुत्त्याची मालकीण मॅव्हिस त्याच्या मागं लागली. लाकडं फोडता फोडता मरशील म्हणाली, आणि विजेची शेगडी घरात आणून ठेवली. विल्फनं चार शिव्या घातल्या आणि पाय शेकत बसला. आता आमच्याकडे माणूस घरी आहे का ते दार वाजवून कुणी बघत नाही, धुराडं बघतात. जुलैत, आमच्याकडच्या ऐन हिवाळ्यात, धूर नाही म्हणजे घर रिकामं. विल्फचं तसं नाही, हे मॅव्हिसनं गावभर सांगून टाकलं, म्हणून कुणी काळजी केली नाही.

जानेवारीतली एक रणरणती दुपार. गुत्त्यात चार टाळकी. रस्त्यावरचा बर्फ काढणारा टिबोर कंटाळून गोष्टी सांगत होता. मूळचा हंगेरीचा, गावात नवा, पण बोलण्यात कुणाला हार जाणारा नव्हे.

“जुलैत एक खुळा भेटला मला. वरच्या धारेवरून उतरला, पार काकडलेला. म्हणे, बापाला भेटायला आलो होतो. वरूनच बघत बसलो, घराला धूर नाही. म्हटलं, अरे खाली जाऊन दार तरी वाजव! तर म्हणतो, रिकाम्या घराचं दार वाजवून काय करू?”

टिबोर हसला. मॅव्हिस हसली नाही.

“दिसायला कसा होता?” विल्फनं विचारलं.

“उंच. भुवईत जुना व्रण. का रे म्हाताऱ्या, तुझ्या ओळखीचा?”

तो व्रण विल्फनंच रॉडीला पहिल्यांदा बर्फावर उभं केलं तेव्हाचा.

“पुढं काय केलंस त्याचं?”

“खाली बसथांब्यावर सोडला. म्हणाला, बाप वारला असेल. विचारायचं कुणाला? कुठल्या तोंडानं?”

विल्फ ग्लास तसाच ठेवून उठला. पोरगा येऊन गेला होता. आणि बाप पाय शेकत खिडकीत बसला होता, रस्त्याकडे डोळे लावून. सहा महिने झाले, पोराच्या लेखी तो मेलेला होता. घरापर्यंतचा चढ त्याला त्या दिवशी संपता संपेना.

थोड्या वेळात गावाचा भोंगा वाजला. रान वाळून कोरडंठाक झालेलं, अशा दिवसांत धूर म्हणजे वणवाच. आगीचा बंब घेऊन टिबोर धावला, मागून मॅव्हिस. बघतात तर विल्फच्या धुराड्यातून काळा लोट निघतोय, आणि आत म्हातारा घामानं निथळत चुलीत लाकडं सारतोय.

“डोकं फिरलं का तुझं?” टिबोर खेकसला. “ह्या उन्हात चूल कशाला?”

“मी घरी आहे,” विल्फ म्हणाला.

“ते दिसतंय आम्हाला.”

“तुम्हाला नाही रे सांगत,” म्हणून विल्फनं आणखी एक लाकूड सारलं.