कंपनीकडून खेळणारा नवरदेव

मद्रासच्या गाडीतून चांद्याला उतरलो, तर फलाटावर मामाजी उभे. त्यांनी मला आधी खाली वाकवलं आणि मग मिठी मारली. माझ्या उंचीपुढे दुसरा इलाज नसतो. दोन वर्षं मी सिंगापूरला आहे. रबराचा व्यापार करणाऱ्या एका कंपनीने मला बास्केटबॉल खेळण्यासाठी पगारावर ठेवलं आहे. चिमूरकडच्या आमच्या धान पिकवणाऱ्या घरातला मी पहिला बी.ए., आणि खेळून पगार घेणारा तर तालुक्यात पहिला. हे सांगायला मला संकोच वाटत नाही.

रजा थोडीच होती. लग्नासाठी दोन घरी पत्रं गेली होती आणि दोन्हीकडून एकच उत्तर आलं होतं : समुद्रापार पोरगी धाडत नाही. चामोर्शीजवळचं हे तिसरं स्थळ. इथेही नकार आला, तर लग्नाची आशा सोडूनच परत जायचं.

मूल गावापर्यंत सर्विस मोटार, पुढे बंडी (बैलगाडी). सागाची पानं झडल्यामुळे रान आरपार दिसत होतं. मोहाखाली फुलं वेचणाऱ्या बाया आम्हाला पाहून गोंडीत काहीतरी बोलल्या आणि हसल्या. शब्द कळले नाहीत, हसणं कळलं : माझे पाय बंडीबाहेर लोंबत होते.

वैनगंगा डोंग्याने (एका खोडाच्या होडीने) ओलांडली. डोंग्यात बाजाराला निघालेली माणसं होती. डोंगेवाल्याने विचारलं, "पाहुणे का करतात जी?"

मामाजींची छाती फुगली. "भाचा हाय माहा. सिंगापूरले कंपनीत खेळते!"

"कोन्ता पार्ट करते? बाईचा नसन बा. एवढ्या उंच बाईले नवरा कुठून आणाचा?"

सगळा डोंगा हसून डुलला. मीही हसलो. पलीकडे उतरून ती माणसं झपाझप चामोर्शीच्या बाजारात गेली आणि आम्ही त्या काठावर केलेली दुसरी बंडी मागे रेंगाळली.

मुलीचे वडील, सीतारामभाऊ, यांनी पाय धुवायला पाणी दिलं, पण चेहरा बंद. जेवायला भात, लाखोळीची डाळ आणि वाळलेले झिंगे घातलेली वांगी. वाढणाऱ्या मुलीचे, वत्सलाचे, फक्त हात दिसले. सिंगापुरात असं जेवण मिळत नाही. मी दोनदा भात घेतला. हात धुऊन झाल्यावर सीतारामभाऊ म्हणाले, "पाहुणे, आले, जेवले, बरं वाटलं. पण नाटक्याले मी पोरगी देत नाई."

"कोन म्हनते नाटक्या?" मामाजी उसळले.

"अख्खा बाजार म्हनून राह्यला! कंपनीत खेळते, हे तुमीच सांगतलं ना?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. या मुलखात कंपनी म्हटली की नाटकाची, आणि खेळ म्हटला की दंडारीचा (नाचगाण्याच्या तमाशाचा). तोंडाने समजावण्यात अर्थ नव्हता. मी थैलीतून बॉल काढला आणि एक टोपली मागितली. तिचं बूड काढलं, तशी आतून मुलीची आई ओरडली, "अवो, नवीन हाय ना ते!"

घरामागच्या कापणी झालेल्या बांधीत (धानाच्या शेतात) मोहाच्या झाडाला टोपली बांधली. जमिनीत धानाची खुंटं. बॉल आपटला की भलतीकडे उडायचा. माझे पहिले दोन नेम चुकले. मामाजींनी कपाळावर हात मारला. तिसरा बॉल टोपलीतून अलगद खाली आला.

"बस, एवढंच?" सीतारामभाऊ म्हणाले.

"समोर पाच जण अडवायला असतात, भाऊ."

"आन् याचा पगार देते?" त्यांनी माझ्या पायांकडे बोट केलं. "गुडघा गेला तं?"

दोन वर्षांत हे मला कोणीच विचारलं नव्हतं. मीच स्वतःला विचारायचो. म्हणालो, "म्हणूनच आधी बी.ए. केलं. खेळ दहा वर्षांचा. मग कचेरीत बसेन, नाही तर इकडे येऊन मास्तरकी करीन. तुमच्या मुलीला उपाशी ठेवणार नाही."

बॉल घरंगळत बांधावर उभ्या वत्सलाच्या पायाशी गेला होता. तिने तो उचलला. "तिथी बाया खेळतात काय?"

"वत्सले!" आईने दबक्या आवाजात दटावलं.

"खेळतात," मी म्हणालो. "चिनी मुली खेळतात. पंचाशी भांडतातसुद्धा."

ती हसली आणि बॉल माझ्याकडे फेकला. तो छातीवर असा बसला की मी एक पाऊल मागे सरलो. धान कांडणारे हात ते! तोवर मी स्थळ बघायला आलो होतो. आता मात्र मला तिचाच होकार हवा होता, आणि भीती वाटायला लागली.

सीतारामभाऊ एवढंच म्हणाले, "सकाळी सांगतो."

सकाळी ते आमच्याबरोबर घाटापर्यंत चालत आले. मामाजी रस्ताभर खाकरत होते. आम्ही डोंग्यात बसलो, डोंगेवाल्याने बांबू टेकवला, तेव्हा सीतारामभाऊंनी डोंग्याची कड धरून ठेवली.

"पोरीले विचारलं म्या. जातो म्हनते," ते म्हणाले. "पण तिले पाण्याची सवय नाई. या डोंग्यातबी डोळे मिटून बसते. जपून न्याल, जावाईबापू." मग त्यांनी कड सोडली.

लग्न पुढच्या वर्षीच्या वैशाखात ठरलं. लोक मला विचारतात, परदेशी जायला काय लागतं? मी आजवर उंची आणि शिक्षण सांगत आलो. आता वाटतं, मागे राहणाऱ्या कुणालातरी हातातली कड सोडावी लागते.

मद्रासला जहाजाच्या कचेरीत कारकुनाला मी पहिलं विचारलं, "बोट सगळ्यात कमी कुठे हलते?"

"मध्यभागी."

"मग पुढच्या वर्षी मला दोन जागा तिथेच लागतील," मी म्हणालो.