नुसते ओठ हलव

अनिमादी 'सूर'ला 'शूर' म्हणत. "शूर लावा," असं त्या म्हणाल्या की मागच्या बाकावरची मुलं तलवार उपसल्याची नक्कल करत आणि दीदीही हसत. लग्न होऊन त्या कोलकात्याहून ठाकुर्लीला आल्या. नवरा लवकर गेला, मूल नव्हतं; आमच्या शाळेत गाणं शिकवण्यात त्यांचा जन्म गेला. मी शेजारच्या वर्गात मराठी शिकवायचे, पण त्यांच्यापुढे माझं व्याकरण चालत नसे. बाई असो की पुरुष, त्यांच्या तोंडी सगळ्यांना "तो आला"च.

त्यांचं समूहगान दरवर्षी बक्षीस आणायचं. निवडच तेवढी कडक असायची.

एकदा पालकसभेला आंबिवलीची एक आई आली. तिच्या मुलीला समूहगानात यायचं होतं. आई संकोचून म्हणाली, "हिला नका घेऊ बाई. आमच्यात कोणाला गाता येत नाही. मी या शाळेत असताना मला तुम्हीच सांगितलेलं ना, आवाज काढू नको, नुसते ओठ हलव."

दीदी तिच्याकडे बघत राहिल्या. "छाया?"

"हो. अजून तसंच करते. गणपतीत आरतीलासुद्धा." तिच्या बोलण्यात राग नव्हता. गंमत सांगावी तसं सांगत होती.

त्या दिवशी दीदींनी डबा उघडला नाही. "माझा चूक आहे, शोभा. मला बक्षीस पाहिजे होता."

"अहो, सगळेच शिक्षक असं करतात," मी म्हटलं.

"म्हणून बरोबर होतो का?"

रविवारी मला सोबत घेऊन त्या छायाच्या घरी गेल्या आणि तिच्यासमोर हात जोडले. ती बिचारी गोंधळून उभी राहिली. "असं काय करता बाई?"

"एक ओळ म्हण. काहीपण."

छायाने ओढणीला हात पुसले, तोंड उघडलं, माझ्याकडे पाहिलं आणि नुसतीच हसली. "नाही होत बाई. खरंच."

त्यानंतर दीदींनी निवडच बंद केली. येईल तो गाईल. छायाची मुलगी पहिल्या रांगेत उभी राहिली. बक्षिसं गेली, मुख्याध्यापिका चिडल्या. दीदी म्हणायच्या, "बेशूर पोराला घरी पाठवला तर तो शूर शिकणार कुठे?" पुढे पालक याचं कौतुक करायला लागले, तेव्हा मात्र त्या उठून जायच्या.

शेवटच्या आजारपणात जुने विद्यार्थी उशाशी बसून गायचे. दीदींचं लक्ष दाराकडे असायचं. एकदा मला जवळ बोलावून हळूच विचारलं, "छाया आला?"

"नाही. बोलावू का?" मी फोन हातात घेतला.

त्यांनी माझा हात धरला. "नको. त्याला वाटेल, मी गायला सांगणार."